पळस्पे फाटा आणि दोन नकाशे

पनवेलमधून दक्षिणेला निघालेल्या गाडीला चार-पाच किलोमीटरांतच ठरवावे लागते की आपल्याला नक्की जायचे कुठे. पळस्पे फाट्यावरून एक रस्ता खोपोलीमार्गे बोरघाट चढून पुण्याला जातो, दुसरा कर्नाळ्याच्या कुशीतून पेण-महाडकडे उतरत गोवा आणि थेट कन्याकुमारी गाठतो, तिसरा जेएनपीटी बंदराकडे वळतो. अलीकडे कळंबोलीला एक्स्प्रेसवेचे तोंड आहे, पाठीमागे सायनचा रस्ता, आणि तळोज्यावरून शिळफाट्याला जाणारा जुना रस्ता वेगळाच. चुकायला एवढा वाव असलेली गावे महाराष्ट्रात फार नाहीत. आणि इथली चूक स्वस्त पडत नाही. एकदा एक्स्प्रेसवेवर चढलेल्या गाडीला मधेच मागे फिरता येत नाही. पुढचे एक्झिट येईपर्यंत मुकाट जावे लागते.

गावाला ही अडचण जुनीच असावी. जुन्या पनवेलमधल्या नाक्यांची नावे पाहिली तरी कळते: ठाणा नाका, उरण नाका. रस्ता कुठून येतो यापेक्षा कुठे जातो हे नाक्याने सांगायचे. कारच्या डॅशबोर्डमध्ये बसवलेला नकाशा आणि खिशातल्या फोनमधला नकाशा यांच्यात गेल्या पंधरा-वीस वर्षांत जी चढाओढ झाली, ती या नाक्यांवरून आणि फाट्यांवरून पाहिली तर शोरूममधल्या गुळगुळीत माहितीपत्रकापेक्षा बरेच काही जास्त दिसते.

आगगाडी येण्याआधी मुंबईहून पुण्याला जायचे म्हणजे आधी होडीत बसायचे. भरती साधून बंदर ओलांडायचे, पनवेलच्या खाडीत शिरायचे, धक्क्यावर उतरायचे आणि मग पालखी, घोडा, बैल किंवा स्वतःचे पाय यांच्या भरवशावर घाटाकडे निघायचे. इंग्रज प्रवासलेखिका मरिया ग्रॅहम १८०९ च्या अखेरीस याच वाटेने कार्ल्याची लेणी पाहायला आणि पुढे पुण्याला गेल्या. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १० नोव्हेंबर १८३० रोजी बोरघाटातला नवा रस्ता खुला केला आणि चाकाच्या गाड्या घाट चढू लागल्या. पनवेलची भरभराट तेव्हाची. १८५२ मध्ये इथे नगरपालिका आली, ती राज्यातल्या सगळ्यांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. पण १८५६ मध्ये रेल्वे कल्याणवरून खोपोलीला पोहोचली, १८६३ मध्ये घाटही चढली, आणि पुण्याचा प्रवासी पनवेलला वळसा घालून जाऊ लागला. पनवेलला पुन्हा महत्त्व आले ते मोटारी आल्यावर.

त्या होडीच्या काळात दिशा दाखवायला कर्नाळ्याचा सुळका होता. बंदरात शिरणाऱ्या इंग्रज खलाशांनी त्याला फनेल हिल असे नाव देऊन टाकले होते. प्रबळगड, इर्शाळगड, माणिकगड, माथेरानचा लांबलचक माथा, या सगळ्यांच्या कडा आकाशात इतक्या वेगवेगळ्या दिसतात की आभाळ स्वच्छ असताना माणूस हरवणे अवघड. पावसाळ्यात मात्र ढग खाली उतरले की हा नकाशा चार महिने मिटलेलाच.

कागदावरचा नकाशा सामान्य माणसाच्या हाती फार उशिरा आला. सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना १७६७ ची. तिच्या स्थलदर्शक नकाशांच्या मांडणीत पनवेल ४७ एफ या चौकटीच्या अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यात बसते. पण हा तक्ता दुकानात जाऊन सहज विकत घेता येत नसे. संरक्षणाच्या कारणास्तव सीमेलगतच्या आणि किनाऱ्यालगतच्या सुमारे ८० किलोमीटर पट्ट्यातले तपशीलवार नकाशे निर्बंधाखाली होते, आणि पनवेल तर खाडीकाठचेच गाव. म्हणजे ज्या गावातून देशातले दोन मोठे महामार्ग फुटतात, त्या गावाचा चांगला नकाशा सरकारी कपाटात. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्करासाठी वेगळी आणि जनतेसाठी वेगळी अशा दोन मालिका केल्या, तेव्हा कुठे हे कपाट थोडे किलकिले झाले. गंमत अशी की त्याच वर्षी, फेब्रुवारी २००५ मध्ये, गूगल मॅप्स सुरू झाले होते. पुढे उपग्रहाच्या चित्रात पनवेलचे एकेक तळे कोणालाही घरबसल्या दिसू लागले आणि त्याच भागाचा सरकारी तक्ता मिळवायला मात्र अर्ज करावा लागे, असाही काळ लोकांनी पाहिला.

मधली शंभर वर्षे नकाशाशिवाय कशी गेली? व्यवस्थित गेली. मैलाचे दगड होते, मग किलोमीटरचे आले. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचे डोके पिवळे, राज्य महामार्गाचे हिरवे. गोवा रस्त्याची मोजणीच पनवेलपासून शून्याने सुरू होते. त्यामुळे कोकणातल्या एसटीच्या खिडकीत बसलेल्या पोराला दगडावरचा आकडा पाहून आपण घरापासून किती लांब आलो हे कळत असे. ट्रकला क्लीनर होता. खिडकीतून अर्धा बाहेर येऊन रस्ता विचारणे हे त्याच्या कामाचाच भाग. आणि नाक्यावर पानवाला, चहावाला, रिक्षावाला होते, जे ‘नाकासमोर सरळ जा, पुलाखालून डावी मारा, पुढे कोणालाही विचारा’ एवढ्यात काम भागवत. यातले शेवटचे वाक्य सगळ्यांत महत्त्वाचे. रस्ता एकदाच पूर्ण सांगायचा नाही, पुढच्या माणसाच्या हवाली करायचा, कारण पुढे काय खणून ठेवले आहे ते पुढच्यालाच ठाऊक.

पनवेलभोवतीचे रस्ते सतत खणलेले, वाढलेले, वळवलेले असतात, ही या गोष्टीची किल्ली आहे. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला. त्याआधी मुंबईची मोटार ठाणे, मुंब्रा, शिळफाटा, तळोजा असा फेरा घेऊन पनवेलला येई. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने भातखाचरांवर सेक्टर पाडले. नवीन पनवेल, कळंबोली, खांदा कॉलनी, कामोठे अशी वस्ती उभी राहिली. पत्त्याची भाषाच बदलली. जुन्या पनवेलमध्ये ‘लाइन आळी, वडाळे तळ्याजवळ’ असे सांगून चालते. सिडकोच्या वसाहतीत सेक्टर, प्लॉट आणि विंग लागते, आणि दोन वसाहतींत एकाच क्रमांकाचे सेक्टर असतात ते निराळेच. १९८९ मध्ये जेएनपीटी बंदर सुरू झाले आणि कंटेनरची रांग आली. २००२ मध्ये मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे पूर्ण झाला, कळंबोलीपासून देहूरोडपर्यंत साडेचौऱ्याण्णव किलोमीटर.

याच सुमारास आकाशातही एक फाटक उघडले. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. तोपर्यंत जमिनीवरचा ठावठिकाणा शंभरेक मीटरने हुकत असे. पळस्पे फाट्यावर शंभर मीटर म्हणजे पुण्याऐवजी पेण.

मोटारीत नकाशा बसवण्याची खटपट मात्र उपग्रहांच्याही आधीची आहे. १९८१ मध्ये होंडाने जपानमध्ये इलेक्ट्रो गायरोकेटर नावाचे यंत्र विकायला काढले. त्यात उपग्रह नव्हताच. वायूवर चालणारा गायरोस्कोप गाडीचे वळण ओळखायचा, चाकांवरून अंतर मोजले जायचे आणि पारदर्शक फिल्मवर छापलेल्या नकाशामागे एक ठिपका सरकायचा. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात एटॅक नावाच्या कंपनीने नकाशा टेपरेकॉर्डरच्या कॅसेटमध्ये भरला. शहर ओलांडले की कॅसेट बदला. कंपनीने आपले नाव पॅसिफिकमधल्या नावाड्यांकडून घेतले होते. आपली होडी जागीच आहे आणि बेटे मागे सरकत आहेत असे मानून ते हिशोब करत. १९९० मध्ये माझदाच्या युनोस कॉस्मो या गाडीत जीपीएसवर चालणारी यंत्रणा कारखान्यातूनच बसून आली. पुढची पंधरा वर्षे डॅशबोर्डमधला नकाशा हे जपान, युरोप आणि अमेरिकेतल्या महागड्या गाड्यांचे लेणे राहिले.

भारतात हे लेणे घालायला आधी देशाचा नकाशा कोणीतरी रस्त्यावर फिरून तयार करणे भाग होते. दिल्लीच्या राकेश आणि रश्मी वर्मा या दांपत्याच्या सी. ई. इन्फो सिस्टिम्सने हे काम नव्वदच्या दशकात हाती घेतले. २००४ मध्ये मॅपमायइंडिया हे संकेतस्थळ आले. हैदराबादच्या सॅटनॅव्ह टेक्नॉलॉजीजचे सॅटगाइडही त्याच दशकातले. २००८-१० च्या सुमारास काचेला रबरी चकतीने चिकटवायचे छोटे यंत्र हौशी गाडीमालकांकडे दिसू लागले. सप्टेंबर २०११ मध्ये चाकणच्या कारखान्यातून महिंद्राची एक्सयूव्ही ५०० बाहेर पडली. तिच्या वरच्या आवृत्तीत टचस्क्रीन आणि दिशादर्शन होते. मराठी मुलखात बनलेल्या, मध्यमवर्गाच्या आवाक्याच्या काठावर असलेल्या गाडीत नकाशा आल्याचे हे ठळक उदाहरण. पुढे मारुतीने आणि इतरांनी एसडी कार्डावरचा नकाशा दिला.

हे कार्ड होते, तिथेच सगळे अडले.

कार्डावरचा नकाशा म्हणजे छापल्या दिवसापासून शिळा होत जाणारा नकाशा. सुधारित आवृत्ती घ्यायची तर डीलरकडे खेप घाला, कधी पैसे मोजा, कधी ‘अजून आलेली नाही’ असे ऐकून परत या. ज्या गावातले रस्ते दहा वर्षांत एकदा बदलतात तिथे हे चालून जाते. पनवेलला चालणे शक्य नव्हते. २०१० मध्ये महामार्गांचे क्रमांक बदलले. चार क्रमांकाचा अठ्ठेचाळीस झाला आणि सतराचा सहासष्ट. २०११ च्या सुमारास पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या पट्ट्याचे चौपदरीकरण सुरू झाले, आणि ते इतके रखडले की त्याच्यावर वेगळा लेख व्हावा. रोज कुठे डायव्हर्जन, कुठे अर्धा पूल, कुठे डावीकडची लेन बंद. शीव-पनवेल रस्ता रुंदावला, त्यावर उड्डाणपूल आले. डॅशबोर्डमधली बाई आपल्या शांत आवाजात कालच्या वळणावर आज वळायला सांगत राहिली, आणि गाडीमालकाने काच खाली करून पूर्वीसारखेच चहावाल्याला विचारले.

फोनचा नकाशा त्या काळात काही फार थोर नव्हता. पण तो फुकट होता. जानेवारी २०१० मध्ये नोकियाने आपल्या फोनवरचे दिशादर्शन मोफत केले. त्याच्या तीनच महिने आधी गूगलने अमेरिकेत वळणावळणाला बोलणारा नकाशा अँड्रॉइडवर दिला होता, आणि त्या बातमीने गार्मिन आणि टॉमटॉम या यंत्र विकणाऱ्या कंपन्यांचे शेअर एका दिवसात कोसळले होते. भारतासाठी गूगलने आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. आपल्याकडे रस्त्याच्या नावाने कोणी जात नाही, हे ओळखून २००९ च्या डिसेंबरात त्याने खाणाखुणांच्या आधारे मार्ग सांगायला सुरुवात केली. पेट्रोलपंप, देऊळ, हॉटेल. हे तर नाक्यावरच्या चहावाल्याचेच तंत्र. पनवेलमध्ये ‘धूतपापेश्वर’ म्हटले की १८७२ पासूनचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना डोळ्यांपुढे येतो, आणि पळस्प्याला ‘दत्त स्नॅक्स’ म्हटले की गाडी आपोआप हळू होते. या खुणांना महामार्ग क्रमांकाची गरज कधीच नव्हती.

नकाशा भरला कोणी? बराचसा लोकांनीच. २००८ मध्ये आलेले मॅप मेकर हे साधन बंगळुरूच्या अभियंत्यांच्या पुढाकाराने घडले. कोणीही घरी बसून आपल्या गल्लीची रेघ ओढावी, दुसऱ्याने ती तपासावी. सरकारला हे रुचले नाही. २०१३ मध्ये गूगलने भारतात मॅपाथॉन ही नकाशा भरण्याची स्पर्धा घेतली तेव्हा सर्व्हे ऑफ इंडियाने पोलिसांत तक्रार केली आणि पुढे प्रकरण सीबीआयपर्यंत गेले. २०१६ मध्ये परवानगीशिवाय भौगोलिक माहिती गोळा करण्यावर जबर दंड सुचवणारा विधेयकाचा मसुदा आला आणि ओरड झाल्यावर बारगळला. शेवटी १५ फेब्रुवारी २०२१ रोजी सरकारने भारतीय कंपन्यांना नकाशे बनवायला आणि वापरायला मोकळीक दिली. किनाऱ्यालगतचा तक्ता कुलपात ठेवण्यापासून इथवर यायला जो काळ गेला, तेवढ्यात लोक कायद्याची वाट न पाहता फोनवर पळस्पे शोधून मोकळे झाले होते.

खरा निकाल लावला तो सप्टेंबर २०१६ मध्ये आलेल्या जिओच्या स्वस्त डेटाने. तोवर घाटात नेट चालू ठेवणे म्हणजे बिल वाढवणे होते. त्यानंतर रिक्षावाला, टेम्पोवाला, कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये माल उतरवायला आलेला परप्रांतीय ट्रकचालक, सगळ्यांच्या डॅशबोर्डवर फोन आला. आणि प्रत्येक चालू फोन गूगलला आपला वेग कळवू लागला. त्या वेगांच्या बेरजेतूनच रस्त्यावरची लाल रेघ तयार होते. एसडी कार्डाला हे कधीच जमणारे नव्हते. २०२० मध्ये तर केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन, गाडी चालवताना हातातले उपकरण केवळ मार्ग पाहण्यासाठी, लक्ष विचलित न होऊ देता, वापरायची मुभा मिळाली. म्हणजे कायद्यानेही फोनला नकाशा मानले.

इथे डॅशबोर्डमधल्या नकाशाची बाजूही नीट ऐकून घ्यायला हवी. पनवेल सोडून एक्स्प्रेसवेने पुण्याकडे निघाले की पहिला मोठा बोगदा भाताणचा, सुमारे एक किलोमीटरचा. डोंगराच्या पोटात उपग्रह दिसत नाही. फोन अशा वेळी शेवटचा वेग धरून अंदाज बांधतो. गाडीत मुळातून बसवलेली यंत्रणा चाकांच्या फेऱ्या आणि गायरोस्कोप यांच्यावरून आत नेमके कुठे आहोत ते मोजत जाते. त्या १९८१ च्या होंडाचीच विद्या. अर्थात भाताणच्या बोगद्यात कुठे वळायचे नसल्यामुळे या अचूकतेचा तिथे उपयोग शून्य. पण जगात बोगद्यातच फाटे फुटणारी शहरे आहेत, आणि आपल्याकडे त्याच्या जोडीला आहे बोरघाट, जिथे जुना रस्ता आणि एक्स्प्रेसवे कधी अगदी शेजारून धावतात आणि काही अंतर एकच होऊन जातात. दहा-पंधरा मीटरच्या चुकीने फोन तुम्हाला शेजारच्या रस्त्यावर नेऊन ठेवतो आणि ‘यू-टर्न घ्या’ म्हणून मागे लागतो. शिवाय कार्डावरच्या नकाशाला नेटवर्क लागत नाही, ताम्हिणीत किंवा वरंध घाटात याचे मोल कळते. गूगललाही हे कळले आणि २०१५ च्या अखेरीस नकाशा आधी उतरवून ठेवून नेटशिवाय मार्ग पाहण्याची सोय आली. वरचढपणाचे एक कारण तिथेच गेले.

दोन्ही नकाशांना जे जमत नाही ते म्हणजे खाली-वर. उपग्रहाच्या हिशोबात अक्षांश-रेखांश नेमके येतात, उंची मात्र ढोबळ. कळंबोली सर्कलवर पुलावर चढायचे की पुलाखालून जायचे, हा प्रश्न इथे रोज हजारोंना पडतो. जुलै २०२५ मध्ये बेलापूरहून उलव्याकडे निघालेली एक मोटार रात्री एकच्या सुमारास खाडीपुलावर चढण्याऐवजी पुलाखालच्या रस्त्याने गेली आणि ध्रुवतारा जेट्टीवरून थेट पाण्यात. चालक महिला फोनवरच्या नकाशाच्या आधारे जात होती, असे बातम्यांत आले. सागरी सुरक्षा पोलीस जवळच होते, त्यांनी तिला वाचवले. नकाशावर पूल आणि पुलाखालची वाट एकाच रेघेत असतात. गूगलने जुलै २०२४ मध्ये भारतातल्या ४० शहरांसाठी ‘उड्डाणपूल घ्या’ अशी सूचना आणली होती. मॅपमायइंडियाचे मॅपल्स हे अ‍ॅप अशा ठिकाणी चौकाचे त्रिमितीय चित्र दाखवते. दिवसा आणि सावकाश चाललेल्या गाडीला त्याचा चांगला उपयोग होतो.

सगळेच असे थोडक्यात वाचत नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ पुण्याहून आलेली मोटार रात्री धरणाच्या पाण्यात बुडालेल्या पुलावरून पुढे गेली आणि चालकाचा मृत्यू झाला. तो पूल दर वर्षी काही महिने पाण्याखाली असतो, हे पंचक्रोशीतल्या पोरालाही ठाऊक. फोनला तो बारमाही जवळचा रस्ता वाटला. नाक्यावरच्या माणसाने ‘पुढे कोणालाही विचारा’ म्हटले असते.

दुचाकीवाल्यांची कथा निराळी. एक्स्प्रेसवेवर आणि अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे. मोटारीचा मार्ग लावून निघालेल्या दुचाकीस्वाराला फोन कळंबोलीहून थेट एक्स्प्रेसवेकडे ढकलणार, पुढे पोलीस उभे. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलने दुचाकीसाठी वेगळा मार्ग दाखवायला जगात सर्वांत आधी भारतात सुरुवात केली, त्यामागे अशाच लाखो दुचाकी होत्या. मोटार कंपन्यांच्या डॅशबोर्डला हा ग्राहक दिसणे शक्यच नव्हते. त्याच्याकडे डॅशबोर्डच नाही. ट्रकचे दुखणे मात्र शिल्लक आहे. गूगलच्या नकाशाला गाडीची उंची, वजन, वळायला लागणारी जागा सांगण्याची सोय नाही, आणि जेएनपीटीहून निघालेला चाळीस फुटी कंटेनर शहाणपणाने मोठा रस्ता सोडून गावातल्या गल्लीत शिरला की पुढची कथा गावकऱ्यांना पाठ असते.

गणपतीत पळस्पे पाहावे. मुंबईतला चाकरमानी एका रात्रीत कोकणात निघतो, गोवा रस्ता पेणपर्यंत लाल, आणि फोन सगळ्यांना एकदमच आडवाटा सुचवू लागतो. सगळे वळले की आडवाटही लाल. खोपोलीवरून पाली, तिथून वाकण हा पर्याय जुने लोक वर्षानुवर्षे वापरत आले, वाहतूक पोलीसही दर वर्षी तो सुचवतात. एके काळी ही माहिती म्हणजे अनुभवी ड्रायव्हरची मिरास होती. ‘मी पालीवरून आलो, तीन तास वाचले’ हे वाक्य गावच्या ओटीवर ऐटीत म्हणता येई. आता ते गुपित निळ्या रेघेने सगळ्यांना वाटले आहे, त्यामुळे तीन तासही वाचत नाहीत आणि ऐटही उरली नाही.

या सगळ्यात एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. जर्मन गाड्यांच्या डॅशबोर्डमधला नकाशा ज्या हिअर कंपनीकडून येतो, ती पूर्वी नोकियाची. २०१५ मध्ये आउडी, बीएमडब्ल्यू आणि डाइमलर यांनी मिळून ती विकत घेतली. तिचे मोठे केंद्र ऐरोलीला आहे. तिची प्रतिस्पर्धी टॉमटॉम पुण्यात आहे. पनवेलहून ठाण्याकडे जाणारी लोकल ऐरोलीवरूनच जाते. म्हणजे म्युनिकमधल्या चौकाची लेन बरोबर रंगवणारी तरुण मंडळी संध्याकाळी खांदेश्वरला उतरून रिक्षावाल्याला आपले घर ‘डीमार्टच्या मागे’ म्हणून सांगतात, हे सहज घडण्यासारखे आहे. डॅशबोर्ड आणि फोन यांचे भांडण बाहेरून दिसते तितके निर्मळ नाही. दोन्हींच्या पाठीमागे नकाशा भरणारे लोक बऱ्याचदा एकाच गावचे असतात.

डॅशबोर्डने शेवटी माघार घेतली ती पडदा देऊन. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या अ‍ॅपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटोने फोनचा नकाशा गाडीच्या मोठ्या पडद्यावर आणला. पडदा गाडीचा, स्पीकर गाडीचा, नकाशा फोनचा. छोट्या गाडीच्या ग्राहकाला एसडी कार्डवाल्या यंत्रणेसाठी जास्त पैसे मोजायचे कारण उरले नाही, आणि बऱ्याच कंपन्यांनी स्वतःचा नकाशा वरच्या आवृत्तीपुरता ठेवला किंवा काढूनच टाकला. लढाई तिथे संपली असे वाटले, पण ती नकाशा पुरवणाऱ्यांत सरकली. २०२४ च्या जुलैमध्ये ओलाने गूगल मॅप्स सोडून स्वतःचे ओला मॅप्स वापरायचे जाहीर केले. त्याच महिन्यात गूगलने भारतातल्या व्यावसायिक ग्राहकांसाठी आपले दर ७० टक्क्यांपर्यंत कमी केले, आणि मॅपमायइंडियाने आपली माहिती उचलल्याचा आरोप करत ओला इलेक्ट्रिकला नोटीस धाडली. ओलाने आरोप नाकारला. वीस वर्षांपूर्वी कपाटात असलेल्या वस्तूसाठी आता वकील लावले जातात.

आणि पनवेल तालुका अजून बदलतोच आहे. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते चिर्ले असा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. होडीने खाडी ओलांडून येणारी मुंबई दोनशे वर्षांनी पुन्हा समुद्रावरूनच इकडे येऊ लागली. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, आणि वरचे ओवळे, कोंबडभुजे, तरघर, चिंचपाडा, गणेशपुरी अशी दहा गावे उठून दुसरीकडे बसली. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झाले, २५ डिसेंबरला विमाने उडू लागली. कार्डावरच्या एखाद्या जुन्या नकाशात या जागी अजून गावे, शेते आणि पायवाटा असतील. फोनमध्ये धावपट्टी आहे, पण उठलेल्या गावाचे नाव टाकले तर तो जुन्या जागेवर नेईल की पुनर्वसनाच्या वसाहतीत, हे सांगता येत नाही, कारण लोकांनी नव्या वस्त्यांनाही जुनीच नावे लावली आहेत. लग्नाच्या पत्रिकेवर म्हणूनच लोकेशनचा चौकोनी कोड छापलेला असतो आणि त्याच्या खाली, बारीक अक्षरात, विचारायला यजमानांच्या घरातल्या दोघांचे मोबाइल नंबर.